पंचगंगेला ‘फूग’ आलीय म्हणजे नेमकं काय?

अक्षरओळ

नमस्कार मंडळी. माझं माहेर नागपूरचं, सासर कुरुंदवाडचं आणि नोकरी पुण्यात, एका बातम्यांच्या संकेतस्थळावर मजकूर तपासायची. पावसाळा लागला की कोल्हापूर-सांगलीच्या वार्ताहरांच्या मजकुरात एक शब्द हमखास येतो: फूग. ‘कृष्णेला फूग असल्याने पंचगंगेचे पाणी संथ गतीने उतरत आहे’ वगैरे. आमच्याकडे रिवाज असा की स्थानिक शब्द दिसला की तो काढून सगळ्यांना कळेल असा घालायचा. त्यामुळे ‘फूग’ खोडून तिथे ‘पूर’ लिहिला जातो. फार तर ‘फुगवटा’.

मला हे पटत नाही. परवा सासूबाई फोनवर म्हणाल्या, “पाऊस उघडलाय गं, ऊन पडलंय. पण फूग हाय, पाणी काय हलंना झालंय.” म्हणजे वरून पाणी वाढत नाहीये, आभाळ मोकळं आहे आणि तरी पाणी पायरीशी उभं आहे. त्याला नुसता ‘पूर’ म्हटलं की वाचणारा पावसाचे अंदाज बघत बसणार. पाणी का उतरत नाही हे त्याला कळणारच नाही.

तर विचारायचं असं की फूग आणि पूर यांत तिथले लोक नक्की कसा फरक करतात? फुगवटा तो हाच का? आणि हा शब्द कृष्णाकाठाबाहेर कुठे ऐकलाय का? संपादकांपुढे मांडायला मुद्दे हवे आहेत.

शब्दवेडी

छान धागा. ‘फुगणे’पासून किती शब्द निघालेत बघा: फुगा, फुगीर, फुगवटा, पोटफुगी, रुसवेफुगवे. पण पाण्याची ‘फूग’ मी पहिल्यांदाच ऐकली. वाचत राहते.

शिरोळकर

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. ताईंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर वरून येतो. फूग खालून येते. आमच्याकडं लहान पोराला पण हे ठाऊक असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावती-कासारी-कुंभीला पाणी आलं, प्रयाग चिखलीच्या पुढं पंचगंगा भरून चालली, तर तो पूर. पाणी गढूळ, ओढ असलेलं, त्यात लाकडं, झाडाचे बुंधे वाहत येतात. काठावर उभं राहिलं की आवाज येतो. ते चढतं पण भराभरा आणि वरचा पाऊस थांबला की उतरतं पण भराभरा.

फुगीचं पाणी तसं नसतं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच कोयनेच्या आणि वारणेच्या पाण्यानं भरलेली असली की ती पंचगंगेला आत घेत नाही. मग पंचगंगेचं पाणी जागच्या जागी चढायला लागतं, ओढ्या-नाल्यांतनं मागं शिरतं. ओढा उलटा वाहताना तुम्ही पाहिलाय का? आमच्याकडं दर मोठ्या पावसाळ्यात दिसतो. पाण्यावर पानं, कचरा, फेस जिथल्या तिथं फिरत राहतो. आवाज नाही. रात्री काठी रोवून ठेवायची आणि सकाळी बघायचं, बोटभर चढलेलं असतं.

नुकसान पण वेगळं. वाहता पूर जमीन खरडून नेतो, बांध फोडतो. फुगीचं पाणी जमीन नेत नाही, पीक कुजवतं. उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तगतो. पाणी शेंड्यावरनं गेलं आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसला की तो ऊस संपला. सोयाबीन तर दोन-तीन दिवसांतच काळं पडतं. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा रान बघवत नव्हतं. पाणी उतरल्यावर जो वास सुटतो तो शब्दांत सांगता येत नाही.

तर ‘पूर’ लिहू नका, ‘फूग’च लिहा.

मुंबईकर_अजून

याला आम्ही ‘पाणी तुंबलं’ म्हणतो. तुंबई :) २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण वर भरतीही होती, मिठीचं पाणी समुद्र घेत नव्हता. म्हणजे ती फूगच की!

शिरोळकर

@मुंबईकर_अजून, तुंबणं आमच्याकडं गटारीचं, मोरीचं. कचरा अडकला, पाणी तुंबलं. नदी तुंबली असं कुणी म्हणत नाही. तुंबलेलं पाणी बांबू घालून मोकळं करता येतं, फूग मोकळी करता येत नाही.

खाडीकाठ

मी चिपळूणचा. आमच्याकडे ‘फूग’ हा शब्द नाही, पण गोष्ट तीच. २२ जुलै २०२१ ची रात्र आठवली तरी झोप उडते. वाशिष्ठीला वरून पाणी आणि खाली दाभोळच्या खाडीत भरती. दोन्ही एका वेळेला आलं की बाजारपेठेत पाणी शिरतंच. आमची जुनी माणसं पाऊस किती पडला हे नंतर विचारतात, आधी विचारतात, “भरती किती वाजता?” आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर दुकानातला माल आधीच माळ्यावर चढतो.

तुमच्याकडे कृष्णा करते ते आमच्याकडे समुद्र करतो. फरक इतकाच की ओहोटी वेळेवर येते, घड्याळ लावून. कृष्णेच्या पाण्याला असं वेळापत्रक नाही, म्हणून तुमची फूग जास्त जाचक असावी.

मांडवी_काठ

खाडीकाठ यांच्या प्रतिसादावरून सुचलं. आमच्या गोव्यात खाजन शेतीत याच्यावर जुना तोडगा आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये बांध घालतात आणि त्यात ‘मानस’ असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी दाबायला लागलं की झडपा आपोआप मिटतात, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर पडतं. माझे आजोबा गावकीच्या मानशीवर लक्ष ठेवणाऱ्यांपैकी होते. झडप नीट मिटली का ते अंधारातही नुसत्या आवाजावरून ओळखायचे. लाकूड पाण्यात फुगून फटी बुजतात, म्हणून लाकूडच हवं, असं त्यांचं ठाम मत. म्हणजे बघा, पाण्याची फूग अडवायला लाकडाची फूग!

शब्दवेडी

वा! पावसाळ्यात आमच्या घराचं दार फुगतं आणि लागत नाही, त्याचा एवढा उपयोग होऊ शकतो हे माहीत नव्हतं.

पाटबंधारे_निवृत्त

मी जलसंपदा खात्यात होतो, नोकरीचा बराच काळ भीमा आणि कृष्णा खोऱ्यात गेला. दोन्ही शब्दांतला भेद सांगतो.

खात्याच्या कागदांत ‘फुगवटा’ असतो. धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या भिंतीमुळे मागे जिथपर्यंत पाणी पसरतं तो प्रदेश म्हणजे फुगवटा. ते एका जागेचं नाव आहे, नकाशावर त्याची रेघ काढता येते. ‘फूग’ कागदांत क्वचित दिसते, पण काठावरच्या माणसाच्या तोंडी तीच असते, कारण ती घडणारी गोष्ट आहे. ती येते, चढते, उतरते. फुगवटा उतरला असं कोणी म्हणत नाही, फूग उतरली म्हणतात. त्यामुळे ‘फूग’ खोडून ‘फुगवटा’ घालणं हेही बरोबर नाही. पंचगंगेची फूग वाडीच्या संगमापाशी तयार होते, तिथे कुठलंही धरण नाही.

आता हे घडतं कसं. कोयना, वारणा आणि पंचगंगेच्या उपनद्या सह्याद्रीतून तीव्र उताराने येतात. सांगली-शिरोळच्या पुढे कृष्णेचा उतार एकदम मंदावतो. उतार कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे तेवढंच पाणी पुढे न्यायला नदीला जास्त उंची आणि जास्त रुंदी लागते. एसटीच्या मागच्या दाराने माणसं चढतच राहिली आणि पुढच्या दाराने कोणी उतरलंच नाही तर मधल्या लोकांचं जे होतं ते संगमावर पाण्याचं होतं. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, वाडीला पंचगंगा. दोन्हींचे लोंढे एकाच वेळी आले की मुख्य नदीचं पाणी दोन्ही उपनद्यांत मागे दाब धरतं.

अडथळा नैसर्गिक असेल तशी ही फूग नैसर्गिक आणि माणसाने केलेला असेल तशी ती माणसाने केलेली. पुराच्या पाण्याला पसरायला जी जागा लागते तिच्यावर रस्त्यांचे भराव घातले, पूररेषेच्या आत बांधकामं झाली. भरावाला पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत तर तो रस्ता बंधाऱ्यासारखा वागतो. याची चर्चा धरणांच्या मानाने फार कमी होते, याचं मला फार वाईट वाटतं.

अक्षरओळ

@पाटबंधारे_निवृत्त, काका, ‘फुगवटा उतरत नाही, फूग उतरते’ हे वाक्य संपादकांना जसंच्या तसं पाठवलं तर चालेल ना? मनापासून आभार.

पाटबंधारे_निवृत्त

अवश्य पाठवा.

कृष्णाकाठ

काका, भरावांचं पटलं, पण खालचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण कसं काय सुटलं तुमच्या लेखनातून? आम्ही सांगलीकर ‘फूग’ म्हटलं की अलमट्टीच डोळ्यांपुढे आणतो. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची कर्नाटकाची तयारी आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे धोका पातळीच ४५ फूट आहे! आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर पाणी होतं. खालून पाणी सोडलं नाही तर वरचं जाणार कुठे?

पाटबंधारे_निवृत्त

@कृष्णाकाठ, हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि तुमचं दुःख खरं आहे. दोन्ही बाजू मांडतो.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे सांगली-कोल्हापूरचा पूर आला असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. त्या बाजूचा युक्तिवाद असा की ५१९.६० मीटरची आडवी रेघ नदीच्या तळाच्या उंचीशी ताडून मागे आणली तर ती सांगलीपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे, की वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग आडव्या रेघेसारखा नसतो. पुराच्या वेळी धरणापासून मागे येताना तो चढत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम नकाशावरच्या जलाशयाच्या टोकाच्या पुढेही जाणवतो. किती पुढे आणि किती फूट, हे विसर्ग, गाळ आणि मधल्या हिप्परगी बंधाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणूनच पावसाळ्यात तिथली पातळी कमी ठेवा आणि विसर्गाचा दोन्ही राज्यांनी तासातासाला समन्वय ठेवा, ही मागणी योग्य आहे. माझंही मत तेच. पण सगळी फूग एका धरणाच्या नावावर टाकली तर घरचे भराव विसरले जातात.

कृष्णाकाठ

समितीचा निष्कर्ष मला पटलेला नाही, पटणारही नाही. पण भरावांबद्दल तुमच्याशी सहमत.

बेळगावी

सीमेच्या या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. अलमट्टीच्या मागच्या गावांतले शेतकरीही याच फुगीने हैराण आहेत. जमखंडी-रबकवीच्या बाजूला माझे नातेवाईक आहेत, त्यांची जमीन पाण्यात गेलीय. धरण उंचावलं तर आणखी गावं जातील. बातम्यांत हे दोन राज्यांचं भांडण म्हणून येतं, पण पाण्यात उभा असलेला माणूस दोन्हीकडे शेतकरीच आहे.

शिरोळकर

@बेळगावी, अगदी खरं बोललात.

गोठ्यातला_डॉक्टर

जरा वेगळ्या वाटेने येतो. मी पशुवैद्य. ‘फुगणे’ हे क्रियापद मी दिवसात जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा क्वचित कोणी ऐकत असेल. “साहेब, म्हैस फुगलीय, लवकर या.”

इथेही लोक नेमका फरक करतात. ‘सुजलीय’ म्हणाले तर कास, पाय, गळा यांपैकी काहीतरी असतं. हात लावला की गरम लागतं, जनावर दुखतं म्हणून झटका देतं. ‘फुगलीय’ म्हणाले की पोटफुगी. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट जागा, नगाऱ्यासारखी वर आलेली, टिचकी मारली की पोकळ आवाज. ओलं, कोवळं लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्लं की पोटात फेसाळ वायू होतो आणि ढेकर येत नाही. वायू बाहेर पडायची वाट बंद, म्हणून फूग. म्हणजे तुमच्या नदीचंच दुखणं.

आणि ‘तट्ट फुगलीय’ म्हणाले तर मी जेवणाचं ताट सोडून उठतो. तट्ट या शब्दात वेळ किती उरलाय ते कळतं. वायूचा दाब छातीवर आला की जनावर श्वास कोंडून जातं. मी पोचेपर्यंत पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, तोंडात आडवी काठी द्या म्हणजे जनावर चघळत राहील, असं फोनवर सांगतो. तेल पाजायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण जबरदस्तीने पाजताना ते श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट.

पूरग्रस्त भागातल्या सगळ्यांना कळकळीची विनंती: छावणीत आलेला ओला चारा उपाशी जनावराला एकदम टाकू नका. आधी थोडा कडबा द्या. पाण्यातून वाचलेली जनावरं पोटफुगीने गेलेली मी पाहिली आहेत.

शब्दवेडी

डॉक्टर, हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर ठेवा. फार उपयोगी आहे.

वैनगंगा

अक्षरओळ ताई, माहेरचा माणूस बोलतोय. आपल्याकडे फूग म्हणत नाहीत, पण गोसेखुर्द धरणाचं पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत आलंय, आणि पावसाळ्यात शहरातले नाले वैनगंगेत उतरतच नाहीत. लोक सरळ ‘बॅकवॉटर’ म्हणतात. आमच्या काकू ‘ब्याकवाटर’. मराठी शब्द असता तर वापरला असता! तिकडे सिरोंच्याला मेडीगड्डा बंधाऱ्याच्या पाण्यानेही शेतकऱ्यांचं असंच होतं. म्हणून मी म्हणतो की ‘फूग’ नुसती टिकवू नका, तिला विदर्भात पाठवा. आमच्याकडे तिची गरज आहे.

भीमथडी

फुगवट्याचा विषय निघाला आणि उजनीवाले गप्प, असं कसं चालेल.

आमचं मूळ गाव उजनी धरणाच्या पोटात गेलं. आजही घरी ‘आम्ही फुगवट्यातले’ अशीच ओळख सांगतात. त्या शब्दात विस्थापनही आहे आणि नंतर आलेली बागायतही, दोन्ही. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आजी हयात असेपर्यंत दर वर्षी दर्शनाला जायची. पाणी मागे सरकलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात, तिच्यात धरणग्रस्त पिकं घेतात. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात, तेही याच फुगवट्याच्या उथळ पाण्यामुळे.

आणि एक शंका, काकांना. उजनी ‘१११ टक्के भरली’ असं दर चांगल्या पावसाळ्यात वाचतो. शंभराच्या वर भरते कशी?

पाटबंधारे_निवृत्त

@भीमथडी, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. उजनीत शंभर टक्के म्हणजे सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). पण त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे एरवी न वापरायचं तळचं पाणी, तो टक्केवारीत धरत नाहीत. टक्के मोजतात ते वरच्या सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठ्याचे. पूर सामावून घेण्यासाठी पूर्ण पातळीच्या वर आणखी थोडी जागा ठेवलेली आहे. तिथे पाणी घेतलं की एकूण १२३ च्या आसपास जातं आणि उपयुक्त साठ्याच्या हिशेबात ते १११ टक्के दिसतं. त्याच रीतीने मृतसाठ्याला हात लावला की ‘उणे’ टक्के. धरण गळत नाही आणि आकडाही फुगवलेला नाही!

भीमथडी

आता कळलं. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो, दर वर्षी वाद होतो.

अर्थात

आकडा फुगवण्यावरून आठवलं. अर्थशास्त्राच्या जुन्या मराठी लेखनात ‘चलनफुगवटा’ असायचा. आता ‘चलनवाढ’ रूढ झालाय, हिंदीत ‘मुद्रास्फीति’. मला ‘चलनफुगवटा’ जास्त आवडायचा. ‘वाढ’ ऐकताना चांगलं काहीतरी घडल्यासारखं वाटतं, पगारवाढ, वाढदिवस. ‘फुगवटा’ म्हटलं की पैसा वाढलाय पण आत दम नाही, हे लगेच कळतं. बाकी महागाईला लोक ‘महागाई’च म्हणतात आणि त्यात कोणालाही शंका नसते.

चुलीपुढे

सगळे पाण्यात, आता जरा ताटाकडे या. स्वयंपाकघरातही फुगण्याची नीट उतरंड आहे. पोहे भिजून फुलतात, डाळ फुगते, दूध उतू जातं, इडलीचं पीठ वर येतं. पुरी टम्म फुगते, तट्ट नाही. तट्ट फुगतं ते पोट, त्याच पुऱ्या जास्त खाल्ल्यावर. भाकरी फुगली की सुनेला शाबासकी आणि सून फुगली की घरात कोणाला भाकरी नाही :)

आणि धान्याच्या मापाची ‘शीग’ कोणी आठवली नाही? पायली भरून वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. खळ्यावर बलुतं देताना सपाट माप दिलं तर घेणारा तिथेच उभा राहायचा, शीग लावल्याशिवाय हलत नसे. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ म्हणतो ती हीच. काठाच्या वर भरण्याला एवढा सुंदर शब्द आहे आणि बातम्यांत सगळीकडे ‘ओव्हरफ्लो’.

शब्दवेडी

चुलीपुढे, तुमचा प्रतिसाद शिगोशीग!

मुंबईकर_अजून

‘शिगेला’मधली शीग ही लोखंडाची सळई असेल असंच वाटायचं. हे भारी आहे.

वाडीकर

उशिरा लिहितोय, पण वाडीचा माणूस असून दक्षिणद्वाराचा उल्लेख राहिला तर बरं वाटणार नाही. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी उत्तरेच्या दाराने आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात स्नानाला लोक लांबून येतात. आमच्याकडची जाणती माणसं ते पाणी बघून सांगतात, हे भराभर चढणारं आहे की फुगीचं. चढणारं असेल तर मूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात न्यायची तयारी आधीच सुरू होते. फुगीचं असेल तर मुक्काम लांबणार म्हणून दुकानदार तसा हिशेब करतात.

शिरोळकरांनी लिहिलेलं ‘पूर वरून येतो, फूग खालून येते’ हे वाडीत शब्दशः असंच म्हणतात.

खाडीकाठ

एक प्रामाणिक शंका. बातमी पुण्या-मुंबईत आणि परदेशातही वाचली जाते. तिथल्या वाचकाला ‘फूग’ कळली नाही तर? वैनगंगा यांची काकू ‘बॅकवॉटर’ म्हणते कारण तो शब्द तिला कळतो. शब्दाच्या प्रेमापोटी इशारा अर्धवट पोचला तर धोका माणसाला आहे. चिपळूणला त्या रात्री अनेकांना वेळेवर नीट कळलं नाही, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

शिरोळकर

@खाडीकाठ, तुमचा मुद्दा डावलण्यासारखा नाही. पण ज्याला पळायचंय तो आमच्या गावातला माणूस आहे. त्याला ‘पूर ओसरला’ असं वाचायला मिळालं तर तो जनावरं घेऊन घरी परत येईल, आणि इकडं फूग तशीच. उलटा धोका पण आहे बघा. राजाराम बंधाऱ्याला पाणी उतरलं म्हणून कोल्हापुरात सुटकेचा श्वास टाकतात, त्याच वेळी शिरोळात पाणी चढत असतं. ‘कोल्हापूर जिल्ह्यात पूर ओसरू लागला’ ही एकच ओळ अर्ध्या जिल्ह्याला खरी आणि अर्ध्याला खोटी असते.

अक्षरओळ

शिरोळकर, हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खाडीकाठ यांची काळजीही महत्त्वाची आहे, म्हणून मधला मार्ग: शब्द ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथे बातमीतच एका वाक्यात उलगडायचा. मसुदा असा: ‘पंचगंगेला फूग आहे, म्हणजे कृष्णेची पातळी जास्त असल्याने पंचगंगेचे पाणी संगमावर पुढे न सरकता मागे चढत आहे. पाऊस थांबला तरी शिरोळ तालुक्यातील पाणी लगेच उतरणार नाही.’

शुद्धलेखनाचंही विचारते. फुगीचा की फुगेचा? आमच्याकडे दोन्ही येतं.

शब्दवेडी

मूठ-मुठीत, चूक-चुकीचा, तशी फूग-फुगीचा. एकट्या शब्दात दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. तुमच्या मसुद्यातलं दुसरं वाक्य मला सगळ्यांत जास्त आवडलं.

खाडीकाठ

या मसुद्याला माझी पूर्ण मान्यता. फक्त ‘लगेच’ या शब्दापुढे जमेल तेव्हा वेळही द्या. पाटबंधारे खात्याचा अंदाज असतोच.

पाटबंधारे_निवृत्त

मसुदा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. ‘कृष्णेची पातळी जास्त असल्याने’च्या जागी, माहिती मिळाली तर, त्या दिवसाची कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची आणि आयर्विनची पातळी फुटांत लिहा. काठावरचा वाचक फुटांतच विचार करतो.

अक्षरओळ

करते. शेवटचं एक: संपादक कदाचित म्हणतील की ‘फूग’ अवतरणचिन्हांत टाका. मथळ्यासाठी दोन पर्याय आहेत: ‘पंचगंगेला ‘फूग’, शिरोळला धोका कायम’ आणि ‘पंचगंगेला फूग, पाऊस थांबूनही शिरोळमध्ये पाणी चढतेच’.

शिरोळकर

दुसरा. आणि अवतरणचिन्हं नकोत. ‘पूर’ कधी अवतरणचिन्हांत लिहिता का?